घरच्या घडणीची अवजारं

पुण्यात हिंजवडीला चार वर्षं नोकरी करून मी हैदराबादला एका मोठ्या कंपनीत रुजू झाले, तेव्हा मला गिट येत होतं, जेनकिन्स येत होतं, टॉमकॅटच्या लॉगमधून चूक हुडकता येत होती. पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत कळलं की यातलं काहीच तिथे नाही. कोड ठेवायची जागा वेगळी, बिल्ड करायची कमांड वेगळी, सर्व्हरवर चढवायची तऱ्हा वेगळी. शिवाय प्रत्येकाला असं एक नाव, की त्यावरून कशाचा बोध होऊ नये. इंटरनेटवर शोधावं तर त्या नावाचा एक साबण निघाला. शेजारी नांदेडचा एक मुलगा बसायचा, माझ्या सहा महिने आधी लागलेला. तो म्हणाला, "ताई, पहिले तीन महिने सगळ्यांनाच आपण मठ्ठ आहोत असं वाटतं. नंतर सवय होते."

सवय झाली. आठ वर्षांनी ती कंपनी सोडून पुण्याला परत आले, तेव्हा त्या सवयीचीच अडचण झाली. पहिल्याच मुलाखतीत समोरच्याने साधं विचारलं, "तुमची सर्व्हिस तुम्ही डिप्लॉय कशी करायचात?" आणि माझ्या तोंडात फक्त आतली नावं आली. ती नावं काढून टाकली तर माझ्याकडे वाक्यच उरत नव्हतं.

दरवर्षी आपल्याकडची कितीतरी मुलंमुली पुण्याहून, सांगलीहून, नागपूरहून अशा कंपन्यांत जातात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. सांगायचं ते एवढंच, की अवजाराचं नाव कंपनीचं असतं, पण ज्या अडचणीतून ते अवजार जन्माला आलं ती अडचण सगळीकडे सारखी असते. ती समजून घेतली तर आतही निभतं आणि बाहेरही.

हे सगळं घरी का घडवतात

गूगलचं उदाहरण घेते, कारण आपल्या आतल्या कारभाराबद्दल त्यांनी स्वतःच भरपूर लिहून ठेवलंय. त्यांची हजारो यंत्रं स्वस्तातली होती, आणि त्यातली काही कायम बंद पडलेली असणार हे धरूनच चालावं लागायचं. अशा डळमळीत यंत्रांवर मिळून एकच भलीमोठी फाइल सिस्टिम चालवता येईल, असं काही बाजारात विकत मिळत नव्हतं. म्हणून त्यांनी स्वतःची रचली आणि २००३ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. २००४ मध्ये मॅपरिड्यूसवर, २००६ मध्ये बिगटेबलवर. पहिले दोन निबंध वाचून डग कटिंग आणि माइक काफारेला यांनी हडूपचा पाया घातला. म्हणजे बाहेरच्या जगाने त्याच अडचणीवर तोच उपाय पुन्हा, स्वतःच्या हातांनी बांधला.

कोडचंही तसंच. गूगलमधले बहुतेक सगळे इंजिनीअर एकाच भांडारात कोड ठेवतात. दहाहून अधिक वर्षं ते परफोर्स या विकतच्या सॉफ्टवेअरवर चाललं. पण जानेवारी २०१५ पर्यंत त्या भांडारात सुमारे १ अब्ज फाइली, २ अब्ज ओळींचा कोड आणि ८६ टेराबाइट मजकूर साठला होता. कामाच्या एका दिवसात माणसं १६,००० बदल करत होती आणि यंत्रं आपली आपण आणखी २४,०००. असा वाढता भार विकतच्या सॉफ्टवेअरला पेलणं शक्य नव्हतं, म्हणून त्याआधीच पायपर नावाची स्वतःची व्यवस्था आली होती. त्यांना हौस होती म्हणून नव्हे.

थोडी हौसही असतेच, ते पुढे सांगते.

तर नवं अवजार हाती आलं की 'हे चालवायचं कसं' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, 'हे नव्हतं तेव्हा लोकांचं काय अडत होतं?' याचं उत्तर बहुधा एखाद्या जुन्या डिझाइन डॉकमध्ये सापडतं. प्रत्येक मोठ्या अवजाराचा असा एक मूळ दस्तऐवज असतो, पाच-सात वर्षं जुना, कोणी न उघडलेला. त्यातली आकृती सोडून द्या. सुरुवातीचा अडचणीचा परिच्छेद वाचा आणि शेवटी 'हे पर्याय आम्ही का नाकारले' असा भाग असतो तो वाचा. तासाभरात जे कळतं ते महिनाभर कमांड बडवून कळत नाही.

एक नेमका दाखला देते. गूगलच्या सगळ्या सर्व्हिसेस ज्या व्यवस्थेवर चालतात तिचं नाव बोर्ग. तुमचा प्रोग्रॅम दहा-दहा हजार यंत्रांच्या ताफ्यात कुठे चालेल, मेला तर पुन्हा कुठे उठेल, हे ती ठरवते. २०१५च्या निबंधात तिच्या कर्त्यांनी आपल्या चुका मोकळेपणाने मांडल्या आहेत. त्यातली एक अशी की एका यंत्राला एकच आयपी पत्ता, म्हणून त्या यंत्रावरच्या सगळ्या कामांना पोर्ट वाटून घ्यावे लागतात. नव्या माणसाला तिथे 'पोर्ट मागून घ्यायचा असतो' एवढंच शिकवतात. तो ते शिकतो आणि विसरतो. पण ज्याने 'का' विचारलं, त्याला बाहेर आल्यावर कुबर्नेटीसमध्ये प्रत्येक पॉडला स्वतःचा आयपी पत्ता का दिलाय, हे न सांगता कळतं. कारण कुबर्नेटीस २०१४ मध्ये बोर्ग जवळून पाहिलेल्या गूगलच्याच लोकांनी बाहेर आणलं आणि ती चूक पुन्हा केली नाही. त्याचं आतलं पहिलं टोपणनाव 'प्रोजेक्ट सेव्हन' होतं, स्टार ट्रेकमधल्या एका बोर्ग पात्रावरून. कुबर्नेटीसच्या चिन्हातल्या सुकाणूच्या चाकाला सात आरे आहेत ते म्हणून.

कागद खोटं बोलतात

आता रोजच्या कामाकडे येते. पहिल्या महिन्यात तुमचा सगळ्यात जास्त वेळ जुन्या डॉक्युमेंटेशनमध्ये जाणार आहे. मी पहिल्या आठवड्यात दोन दिवस एका सुबक पानावरच्या पायऱ्या एकेक करून चढत होते. स्क्रीनशॉट होते, बाण काढलेले होते, सगळं होतं. तिसऱ्या दिवशी धीर करून विचारलं तर उत्तर आलं, "ते अवजार दीड वर्षापूर्वी बंद झालं."

हे सगळीकडे होतं. 'सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग ॲट गूगल' या २०२० च्या पुस्तकात त्यांनी आपल्या जुन्या विकीची गत सांगितली आहे. एकट्या बोर्गची मांडणी कशी करावी यावरच सात ते दहा वेगवेगळी पानं होती आणि त्यातल्या मोजक्याच पानांकडे कोणाचं लक्ष होतं. मग त्यांनी डॉक्युमेंटेशन कोडच्या शेजारीच ठेवायला घेतलं, प्रत्येक पानाला मालक नेमला आणि शेवटची तपासणी कधी झाली ती तारीख पानावर आणली. तुमच्या कंपनीत अशी सोय असेल तर मजकूर वाचायच्या आधी मालक आणि तारीख बघा. मालकाने कंपनी सोडली असेल आणि तारीख दोन वर्षांपूर्वीची असेल, तर ते पान म्हणजे मागच्या वर्षीचं पंचांग समजा.

मग विश्वास कशावर ठेवायचा? कोडवर. अशा कंपन्यांत सगळ्या भांडारात शोध घेणारं साधन असतं आणि नवे लोक ते फार कमी वापरतात. ज्या अवजाराशी तुमचं काम आहे ते वापरणाऱ्या तीन टीम शोधा. गेल्या दोन-तीन महिन्यांत बदललेल्या त्यांच्या कॉन्फिग फाइली उघडा. तिघांत जे समान आहे ते गरजेचं, आणि जे एकीतच आहे ते त्या टीमचं खासगी दुखणं.

मात्र उचलून चिकटवू नका. बोर्गच्या कॉन्फिगमध्ये सुमारे २३० घटक ठरवता येतात, असं २०१५च्या त्या निबंधात लिहिलंय, आणि जाणकारांची एवढी बडदास्त ठेवताना साध्या वापरणाऱ्याची परवड झाली अशी कबुलीही दिली आहे. इतके घटक कोणालाच पाठ नसतात. म्हणून लोक शेजारच्या टीमची फाइल उचलतात, तिने तिच्या शेजाऱ्याची उचललेली असते. अशा ओळी कुळाचारासारख्या चालत येतात. का म्हणून विचारलं की 'आमच्यात असंच करतात.' आमच्या टीमच्या फाइलीत मेमरीची एक अवाढव्य मर्यादा होती. शोधत मागे मागे गेले तर ती सहा वर्षांपूर्वी एका वेगळ्याच सर्व्हिसच्या एका रात्रीच्या गडबडीसाठी घातलेली निघाली. ज्या ओळीचं कारण सांगता येत नाही ती स्वतःच्या फाइलीत येऊ देऊ नका. आलीच तर शेजारी तशी टीप लिहा.

आणि एक, आता नव्याने सांगावं लागतं. बाहेरच्या एआय चॅटबॉटला आतल्या अवजाराबद्दल विचारू नका. त्याला ते ठाऊक नसतं, पण ठाऊक नाही असं तो क्वचितच म्हणतो. कुबर्नेटीसच्या धर्तीवर एखादा पर्याय रचून ठोकून देतो, आणि तो इतका पटण्याजोगा असतो की अर्धा दिवस जातो. शिवाय आतला कोड बाहेरच्या खिडकीत चिकटवणं हा नोकरी जाण्याजोगा गुन्हा असू शकतो. २०२३ मध्ये सॅमसंगच्या कर्मचाऱ्यांनी तसं केल्यानंतर कंपनीने अशा साधनांवर बंदी घातली होती. कंपनीने आतल्या कोडवर चालणारा स्वतःचा सहायक दिला असेल तर तो खुशाल वापरा, पण त्याच्याही उत्तराची तारीख बघा. तोही तीच जुनी पानं वाचून शहाणा झालेला असतो.

विचारायचं कसं

आपल्याकडची मुलं विचारायला लाजतात. कॉलेजात प्रश्न विचारला की मागच्या बाकावरून हशा पिकायचा, ती भीती अंगात मुरलेली असते. बाहेरच्या जगात ही लाज चालून जाते, कारण स्टॅक ओव्हरफ्लोवर तोच प्रश्न आधी कोणीतरी विचारलेला असतो. आतल्या अवजाराचं उत्तर मात्र जगात पंधरा-वीस माणसांनाच माहीत असतं. त्यांना विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

ती माणसं बहुधा अमेरिकेत असतात. हैदराबादला सकाळी दहा वाजता प्रश्न टाकला तर कॅलिफोर्नियात उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. त्यांच्या सकाळी नऊला उत्तर आलं, तर तुमच्याकडे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे प्रश्नोत्तराच्या एका फेरीला एक दिवस. 'माझं बिल्ड चालत नाही, मदत कराल का?' असं लिहिलंत तर पहिल्या फेरीत 'नक्की काय होतंय?' एवढंच परत येईल. तीन फेऱ्या, तीन दिवस, आणि मॅनेजर विचारतोय की झालं का.

म्हणून प्रश्न असा लिहा की समोरच्याला उलट विचारावंच लागू नये. मला काय करायचंय, कोणती कमांड दिली, काय उमटलं (पूर्ण मजकूर, स्क्रीनशॉट नको, तो शोधता येत नाही), कोणती पानं वाचली, माझा अंदाज काय. शेवटी एक ओळ, जी मला एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवली: 'अमुक असेल तर मी तमुक करून पुढे जाते, ते चूक असेल तर कृपया थांबवा.' या एका ओळीने माझे कितीतरी दिवस वाचले. उत्तर आलं नाही तरी काम अडत नाही.

किती वेळ स्वतः झगडून मग विचारायचं? माझं माप दीड तासाचं होतं. त्याहून लवकर विचारलं तर काही शिकत नाही, आणि त्याहून जास्त झगडणं म्हणजे कंपनीच्या पैशाने स्वतःचा स्वाभिमान गोंजारणं. उत्तर मिळालं की ते त्याच दिवशी त्या जुन्या पानात लिहून टाका. माझा तिथला पहिला मंजूर झालेला बदल हाच होता, एका पानावरच्या चार ओळी. त्या निमित्ताने कोड रिव्ह्यूची सगळी वाट एकदा पायाखालून गेली, आणि काही मोडायची भीतीही नव्हती.

जुनं बंद होतंय, नवं तयार नाही

या कंपन्यांत एक थट्टा सर्रास चालते. कुठल्याही कामाला दोन अवजारं असतात, एक बंद होणार म्हणून जाहीर झालेलं आणि दुसरं अजून तयार न झालेलं. यात थट्टा फार थोडी आहे.

मघाशी हौसेचं म्हटलं, ते इथे. बढती मिळवायची तर काहीतरी मोठं उभं केलं असं दाखवावं लागतं. जुनं अवजार नीट राखलं याला फारशा टाळ्या मिळत नाहीत. मग चांगल्या चालत्या गोष्टीच्या जागी नवी येते, तिची जाहिरात होते, कर्त्याला बढती मिळते, कर्ता दुसऱ्या टीममध्ये जातो. मागे उरतं अर्धवट अवजार आणि त्याच्यावर विसंबलेले तुम्ही. हे माझं वैयक्तिक मत आहे आणि ते सौम्य करायची माझी इच्छा नाही.

तेव्हा नवं अवजार निवडताना त्याची ओळख करून देणारं सादरीकरण बघू नका. आपल्या टीमपेक्षा मोठी, कंपनीला पैसा मिळवून देणारी एखादी टीम ते खऱ्या कामात वापरते का, ते कोड सर्चमध्ये बघा. गेल्या महिन्यात किती वेगवेगळ्या लोकांनी त्यात बदल केले ते बघा. एकाच माणसाचं नाव दिसत असेल तर तो माणूस रजेवर गेला की तुमचं काय होईल, याचा विचार करा. रात्री दोनला ते पडलं तर फोन कोण उचलणार, हे स्पष्ट विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर जुन्यावरच राहा आणि बदल करायला भाग पाडतील तेव्हा करा.

आणखी एक मोह असतो. आतलं अवजार अवघड वाटलं की त्याच्यावर स्वतःच्या टीमपुरतं सोपं आवरण चढवायचं. मीही केलंय. सहा महिन्यांत ते आवरण अकरा टीम वापरू लागल्या आणि माझं मूळ काम बाजूला राहून मी त्याची राखणदार झाले. त्यातली एक चूक सुधारली तर तीन टीम ओरडत आल्या, कारण त्यांचं काम त्या चुकीवरच चाललं होतं. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावाने याचा नियमच ओळखला जातो: वापरणारे पुरेसे झाले की तुमच्या प्रणालीच्या प्रत्येक दिसणाऱ्या वागणुकीवर, मग ती तुम्ही कबूल केलेली असो वा नसो, कोणीतरी विसंबलेलं असतं. मूळ अवजार शिकायला पंधरा दिवस जास्त लागले तर लागू देत.

एका कमांडचं वजन

छोट्या कंपनीत चुकीची कमांड दिली तर एक सर्व्हर पडतो. इथे तुमच्या हातातल्या अवजाराला आख्ख्या खंडावरची यंत्रं हलवता येतात, आणि ते कमांड मुकाट्याने पाळतं. २८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनच्या एसथ्री सेवेत थोडे सर्व्हर काढायच्या कमांडमधला एक घटक चुकला आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. सेवांची स्थिती दाखवणारा फलकही एसथ्रीवरच विसंबून असल्याने तो काही काळ बदलता येईना. २ जून २०१९ ला गूगलमध्ये एका प्रदेशातल्या मोजक्या सर्व्हरसाठी असलेला कॉन्फिग बदल आजूबाजूच्या प्रदेशांनाही लागला. जाळं इतकं तुंबलं की दुरुस्ती करणाऱ्या इंजिनीअरांची अवजारंही त्याच कोंडीत अडकली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुकमध्ये नेहमीच्या देखभालीतल्या एका कमांडने त्यांचं मुख्य जाळंच तुटलं. अशा कमांडी अडवण्यासाठी ठेवलेल्या तपासणीच्या अवजारात दोष होता, त्याने ती अडवली नाही. फेसबुक सहा तासांहून अधिक बंद राहिलं, आतली अवजारंही गेली, आणि माणसं प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये पाठवावी लागली.

तिन्ही ठिकाणी काम करणारी माणसं कच्ची नव्हती. तिन्ही घटनांवर त्या कंपन्यांनी जे लिहिलं ते वाचा, फुकट मिळतं.

स्वतःपुरतं एवढं करा. अवजाराला 'नुसतं दाखव, करू नको' असा पर्याय बहुधा असतो. तो आधी चालवा, आणि किती यंत्रांना हात लागणार तो आकडा मोठ्याने वाचा. अपेक्षा चाळीसची आणि आकडा चार हजार, असं मी एकदा बघितलंय. हात कीबोर्डवरून काढून चहा प्यायला गेले. बदल आधी एका यंत्रावर, मग एका ठिकाणी, मध्ये थांबा ठेवून, मगच सगळीकडे. शुक्रवारी संध्याकाळी तर नाहीच. आणि टीममधल्या चार लोकांचे फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. कंपनीची चॅट, कंपनीची फोनवही आणि कंपनीचं लॉगिन हे सगळं त्याच जाळ्यावर असतं जे पडलेलं आहे.

बाहेरचा हात चालता ठेवा

आतली अवजारं इतकी सोयीची असतात की त्यांच्यामागे किती काम होतंय याचा विसर पडतो. मी आठ वर्षांत एकदाही सर्टिफिकेटची मुदत संपल्याचं बघितलं नव्हतं, डेटाबेसचा बॅकअप घेतला नव्हता, लॉग कुठे साठतात याची चौकशी केली नव्हती. बाहेर आल्यावर पहिल्या महिन्यात या तिन्ही गोष्टी एकेक करून अंगावर आल्या.

यावर उपाय कंटाळवाणा पण पक्का आहे. एक छोटासा भाड्याचा सर्व्हर घ्या, महिन्याला दोन पिझ्झ्यांच्या खर्चात मिळतो. त्यावर स्वतःच्या हाताने काहीतरी चालवा, सोसायटीचा हिशेब असो की आईच्या पाककृती. गिट, डॉकर, पोस्टग्रेस, एनजिनएक्स, बॅकअप सगळं स्वतः. मात्र त्याआधी नोकरीचा करार वाचा. खासगी वेळेत केलेल्या कामावर हक्क कोणाचा याचं कलम त्यात असतं आणि काही कंपन्यांत त्यासाठी आधी परवानगी लागते. कंपनीच्या लॅपटॉपवर तर ते मुळीच करू नका.

दुसरं, मनाशी एक दुभाषी कोश तयार ठेवा. गूगलपुरतं सांगायचं तर तो असा: ब्लेझ या बिल्ड व्यवस्थेचं बाहेरचं रूप बेझल, ते त्यांनी स्वतःच २०१५ मध्ये खुलं केलं. सर्व्हिसेसना एकमेकांशी बोलायला लावणाऱ्या स्टबीच्या अनुभवातून जीआरपीसी आलं. बोर्गवर नजर ठेवणाऱ्या बोर्गमॉनची छाप प्रोमिथियसवर आहे, ते साउंडक्लाउडमध्ये गेलेल्या माजी गूगलकरांनी सुरू केलं. एक विनंती अनेक सर्व्हिसेसमधून कशी गेली ते दाखवणाऱ्या डॅपरवरचा निबंध २०१० चा, त्यावरून ट्विटरने झिपकिन केलं. फेसबुकच्या थ्रिफ्ट आणि कॅसँड्रा या तर घरातच जन्मून बाहेर नांदायला गेलेल्या लेकी. उलट्या दिशेनेही वाहतूक होते. मायक्रोसॉफ्टने विंडोजचा सुमारे ३०० गिगाबाइटचा कोड २०१७ मध्ये घरच्या सोर्स डेपोतून गिटवर आणला, आणि तेव्हा बाहेरचं गिट चांगलं येणारी माणसं आत एकदम भाव खाऊ लागली असणार, हा माझा तर्क.

मुलाखतीत आणि बायोडेटात हीच भाषा वापरा. 'मी बोर्गवर सर्व्हिस चालवली' याचा अर्थ ऐकणाऱ्याला लागत नाही. 'सेकंदाला इतक्या विनंत्या झेलणारी सर्व्हिस कंटेनरमध्ये तीन ठिकाणी चालवली. एक ठिकाण गेलं तर उरलेल्या दोघांनी भार उचलावा अशी मांडणी माझी होती. नवी आवृत्ती टप्प्याटप्प्याने चढवायचो', असं सांगा. आकडे गोपनीय असतील तर मोघम ठेवा. आणि पुढचा प्रश्न स्वतःच घ्या: यातलं कंपनीने आयतं काय दिलं होतं आणि मी काय केलं. हे प्रामाणिकपणे सांगणारा उमेदवार मुलाखत घेणाऱ्याला लगेच कळतो. आता मी टेबलाच्या त्या बाजूला बसते, म्हणून सांगते.

पण या कोशाला एक कुंपण आहे. जे कंपनीने निबंधात, पुस्तकात, परिषदेत स्वतः जाहीर केलंय तेवढंच बोला. बाकी आतली नावं, आकृत्या, कोडच्या ओळी तुमच्या नाहीत, मग त्या तुम्ही रात्र रात्र जागून लिहिलेल्या का असेनात. नोकरी सोडायच्या आठवड्यात 'आठवण म्हणून' काहीही स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. गोल्डमन सॅक्समधल्या एका प्रोग्रॅमरने २००९ मध्ये नोकरी सोडताना काही कोड बाहेरच्या सर्व्हरवर चढवला. त्यात ओपन सोर्सचाही कोड मिसळलेला होता. त्याला अटक झाली, डिसेंबर २०१० मध्ये तो दोषी ठरला, जवळपास वर्षभर तुरुंगात राहिला. फेब्रुवारी २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्याने त्याच्यावर पुन्हा खटला भरला.

पुण्यातल्या छोट्या कंपन्यांच्या मालकांनाही जाता जाता एक विनंती. मोठ्या कंपनीतून आलेला माणूस पहिल्याच महिन्यात 'आपणही तसंच सगळं उभं करू' म्हणाला, तर त्याला प्रेमाने थांबवा. २ अब्ज ओळींसाठी केलेली सोय ४० हजार ओळींना झेपत नाही. मीही तसं म्हणाले होते. आमच्या संस्थापकांनी मला सहा महिने गिट आणि एका साध्या स्क्रिप्टवर काम करायला लावलं. त्या स्क्रिप्टवर आमचं काम आजही चालतं.

पुढच्या महिन्यात हैदराबादला किंवा बंगळुरूला कोणी रुजू होणार असाल, तर सामान बांधायच्या आधी बोर्गवरचा २०१५ चा तो निबंध उतरवून घ्या. कोणतीही कंपनी असली तरी चालेल. सगळा वाचायची गरज नाही; काय चुकलं आणि काय साधलं याचा भाग शेवटाकडे आहे, तिथून सुरुवात करा. रेल्वेच्या प्रवासात वाचून होतो.